विसावं पोर कुठून आणाल?

अभिनंदन, सर! तुमच्या शाळेची पाहणी होणार असल्याचं पत्र आलंय म्हणे. पत्र काल मिळालं, त्यावर तारीख पंधरवड्यापूर्वीची आहे आणि माहिती 'आजच दुपारी बारापर्यंत' मागवली आहे, म्हणजे पत्र अस्सल आहे.

आता पहिली गोष्ट, पथकाला मुलं दाखवायच्या फंदात पडू नका. नववी-दहावी मिळून एकोणीस पोरं बाकावर बसलेली तुम्हाला दिसतात, ठीक आहे. पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याचा सरकारी हिशेब, बाकावरच्या पोरांवर होत नाही, सरकारी पोर्टलवरच्या पोरांवर होते. तीही ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि आधार जुळलं तर. एखादी दाखल्यावर 'वैष्णवी' आणि आधारवर 'वैश्नवी' असेल, तर ती वर्गात असूनही नाही. हजेरीला तिनं 'हजर' म्हटलंच, तर प्रेमानं गप्प बसवा. पोर्टलपुढे तोंड वर करून बोलू नये, हे संस्कार शाळेतच व्हायला हवेत.

१५ मार्च २०२४ चा शासन निर्णय तोंडपाठ करा. वरच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षक शून्य, या हिशेबावरून शिक्षक संघटना उगाच रस्त्यावर आल्या. साधं गणित आहे. एकोणीस पोरांना शिक्षक लागत नाही, ती आपापली शिकतात. विसावं आलं की सगळीच अडाणी होतात.

तेव्हा विसावं पोर शोधायला लागा. शेजारच्या गावच्या सरांकडे मागू नका, तेही त्याच शोधात आहेत. परवा तुमच्याच वेशीवर नवं दप्तर घेऊन उभे होते म्हणतात. आणि खोटं नाव तर चुकूनही घालू नका. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा एकच पोर दोन शाळांत हजर होऊ नये म्हणून पोरांच्या बोटाला शाई लावली होती. विद्यार्थ्याला मतदाराचा मान मिळाला तो तेवढाच.

बोलताना शब्द जपून वापरा. 'शाळा बंद' असं कुणी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांचा विषय निघाला, तेव्हा शब्द होता 'समायोजन'. २०२३ मध्ये 'समूह शाळा' आली. शाळा मरत नाही हो, ती मोठ्या गावाला राहायला जाते. पोरांनी मागोमाग जायचं, एवढंच.

आणि जाण्याची सोय आहेच. आठवीपर्यंत शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी, असा नियम आहे. शिक्षण हक्काचा कायदा वयाच्या चौदाव्या वर्षी थांबतो, कारण आठवी पास झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरीच्या पायांत बळ येतं. शिवाय मुलींना एसटीचा पास फुकट आहे. एसटी येत नाही, तो वेगळ्या खात्याचा विषय. काही तालुक्यांत सायकलही मिळते. तरीही एखादीचा बाप 'रस्त्याला वस्ती नाही, पोरीला एकटीला पाठवत नाही' म्हणाला, तर अहवालात 'पालकांची उदासीनता' असं लिहा. पुढं त्या घरी दुसरं पथक येतं पाहणीला. त्याला कागद लागत नाहीत, कांदेपोहे लागतात. त्या पथकाची पाहणी मात्र कधी रखडत नाही.

शाळेच्या घंटेकडेही बघून घ्या. २०२० च्या डिसेंबरातल्या निर्णयानं शिपायाचं पद निवृत्तीबरोबर संपतं आणि त्याच्या जागी भत्ता येतो, ग्रामीण भागात महिना पाच हजार. भत्त्याला हात नसतात, त्यामुळे घंटा तुम्हीच वाजवा. प्रभारी मुख्याध्यापक, लिपिक, पोषण आहाराचा हिशेबनीस आणि मतदार यादी सांभाळणारा बीएलओ तुम्हीच आहात, त्यात घंटेचं काय ओझं! मधल्या वेळेत भूमिती शिकवता आली तर बघा. सक्ती नाही.

राहिलं अंतर. जवळची दुसरी शाळा साडेपाच किलोमीटरवर, 'बारमाही रस्ता उपलब्ध', असं कागदावर आधीच आलेलं असेल. कागदावर ओढा दिसत नाही. तुम्ही तो दाखवायला जाऊ नका, साहेबांना वाटेल तुम्ही अडथळे आणताय. फक्त पाहणीची तारीख पाऊस जाण्याआधीची मिळते का, एवढं बघा. साहेबांना सांगा, चला, आपण त्या शाळेपर्यंत जाऊनच येऊ. गाडी ओढ्यात रुतली की नववी-दहावीला हाक मारा, वैष्णवीलाही. आधार कुणाचंच तपासू नका. गाडी ढकलायला एकोणीस पोरं पुरतात.