उसना नॉस्टॅल्जिया आणि चार पेन्सिल सेल

अनामित,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो, पण दोन वाक्यांत चिडचिड उतरली म्हणून खोडलं. आज सकाळी बस मोशीच्या पुढे अडकली होती तेव्हा परत वाचली आणि वाटलं, निम्मं तर बरोबरच आहे की.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी तळहाताएवढा, साडेतीन इंची पडद्याचा, व्हिडिओ गेम खेळायचा एक कन्सोल घेतला. कोथरूड ते चाकण जाता-येता कंपनीच्या बसमध्ये आणि कधी रात्री निजताना त्यावर गेमबॉयच्या (निन्टेन्डो या जपानी कंपनीचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) काळातले खेळ खेळतो, असं त्यात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हा पोरकटपणा आहे. तेही एक वेळ चालेल, पण ‘गेमबॉय तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात होता कधी? हा उसना नॉस्टॅल्जिया आहे, अमेरिकन पोरांचं बालपण तुम्ही चिनी डबड्यातून विकत घेताय’. शिवाय खेळ चोरीचे, आणि हवं तिथे सेव्ह करून ‘जिंकलो’ म्हणणं ही फसवणूक.

उसन्याचा मुद्दा मला खरंच लागला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गेमबॉय आमच्याकडे नव्हता. मिरजेत आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम दिवसाच्या भाड्यानं आणायचो. तो म्हणजे १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. त्यात पिवळी कॅसेट खुपसायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ होता. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे हे मला तिशीत कळलं. आणि हातात धरायचं म्हणाल तर जत्रेत मिळणारा ब्रिक गेम, त्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं. खरे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळी वेगाची आणि लेव्हलची फिरवाफिरवी. तरी आम्ही ते ९९९९ मोजायला बसलो होतो, दोन दिवस.

खरा गेमबॉय मी एकदाच पाहिला, मुंबईच्या मावसभावाकडे. त्याच्या काकांनी दुबईहून आणलेला. मला दहा मिनिटं मिळाला. अकराव्या मिनिटाला मावशी म्हणाली, ‘पुरे आता, सेल संपतील.’ चार पेन्सिल सेल लागायचे त्याला, आणि त्या घरात सेलचा हिशेब रेडिओपासून टॉर्चपर्यंत सगळ्यांचा मिळून असायचा.

तर मी मागे जात नाहीये, कारण मागे जायला तिथे माझं काही नाहीच. दहा मिनिटांच्या आठवणीवर कुणी नॉस्टॅल्जिया उभा करत नाही. ‘मेट्रॉइड २’ हा गेमबॉयवरचा खेळ १९९१ चा असला तरी मी तो यंदाच्या पावसाळ्यात पहिल्यांदा पाहिला. माझ्यासाठी तो नवा खेळ आहे. एखाद्यानं पन्नाशीत पहिल्यांदा जुनी नाट्यपदं ऐकायला घेतली तर त्याला आपण ‘तुझ्या आजोबांकडे ग्रामोफोन होता का’ असं विचारत नाही.

आता पोरकटपणाचं. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

निन्टेन्डोच्या हातातल्या खेळाची कल्पना मुळात पोरांसाठी निघालीच नव्हती. गुनपेइ योकोइ हा तिथला इंजिनिअर शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेननं जात होता. समोर एक कंटाळलेला नोकरदार माणूस वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. ते पाहून योकोइला सुचलं, की प्रवासात मोठ्या माणसाला चारचौघांत न दिसेल असं काहीतरी खेळायला असावं. म्हणून यंत्र छोटं आणि आडवं ठेवलं, म्हणजे दोन्ही हात मांडीवर ठेवून दोन अंगठ्यांनी खेळता येईल. हे ‘गेम अँड वॉच’ १९८० साली आलं. घड्याळही त्यातच होतं, म्हणजे कुणी विचारलं तर वेळ बघत होतो म्हणायची सोय. पुढच्या अकरा वर्षांत त्या मालिकेतली ४ कोटी ३४ लाख यंत्रं खपली. चाकणच्या बसमध्ये मांडीवर हात ठेवून बसलेला मी म्हणजे योकोइच्या मूळ गिऱ्हाइकाचाच वंशज. पोरांनी तो खेळ नंतर आमच्याकडून नेला.

योकोइचं एक तत्त्व प्रसिद्ध आहे. त्याचा जपानी शब्द शब्दशः ‘वाळलेलं तंत्रज्ञान’ असा होतो. मी ‘मुरलेलं’ म्हणेन, लोणच्यासारखं. नवं कोरं, महागडं तंत्र घ्यायचं नाही. ज्याची खोड कळली आहे, जे स्वस्त झालं आहे ते घ्यायचं आणि त्याचा भलतीकडेच उपयोग करायचा. कॅल्क्युलेटरवाल्यांच्या स्पर्धेत एलसीडी स्वस्त झाली होती, ती त्यानं खेळात वापरली. १९८९ चा गेमबॉय याच बेतावरचा होता. १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा, हिरवट रंगाच्या फक्त चार छटा, पडद्यामागे दिवासुद्धा नाही. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीचा गेम गिअर नंतर आला तो रंगीत, उजळ पडद्याचा, सगळ्या बाजूंनी सरस. फक्त त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेमबॉय चार सेलवर दहा-पंधरा तास आरामात चालायचा. कोण जिंकलं ते सगळ्यांना माहीत आहे. मावशीला कुणी विचारलं असतं तर तिनं १९८९ मध्येच सांगितलं असतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की सेल वाचवायचे आणि प्रवासात खेळायचं, या दोन अटींमुळे ते खेळ एका ठरावीक पद्धतीचे झाले. लहान घास. मध्येच सोडता येतील असे. ‘सुपर मारिओ लँड’ एकूण बारा लेव्हलचा आहे, हात बसलेल्या माणसाचा तासाभरात संपतो. ‘टेट्रिस’ला तर शेवटच नाही, त्यामुळे अर्धवट राहिल्याची चुटपुटही नाही. आणि माझा सगळ्यात लाडका ‘ॲडव्हान्स वॉर्स’ हा गेमबॉय ॲडव्हान्सवरचा (गेमबॉयचा पुढचा अवतार), रणगाडे आणि पायदळाचा, बुद्धिबळासारखा पाळीपाळीनं खेळायचा. (हा १० सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत बाजारात आला. दुसऱ्या दिवशी जे झालं त्यानंतर जपानमध्ये त्याचं प्रकाशन थांबलं ते थेट २००४ पर्यंत.) यात माझी पाळी असेपर्यंत शत्रू हलत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ देत, आईच्या बीपीच्या गोळीची वेळ होऊ दे, दारात कुरिअरवाला येऊ दे, पलीकडचा जनरल निमूटपणे थांबून राहतो. माझ्या आयुष्यात इतकं थांबून घेणारं दुसरं कुणी नाही.

मुलगा फोनवर जे खेळतो त्यात हे नाही. त्याला जेवायला हाक मारली की तो म्हणतो, ‘बाबा, पॉज होत नाही.’ तो खोटं बोलत नाही. जगभरातली शंभर पोरं एकाच वेळी त्या मैदानात असतात, कुणासाठी थांबणार? परत उद्या हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडतं, म्हणजे खेळही मस्टर मांडून बसलेला. मला ऑफिसात एक मस्टर पुरतं. तुम्ही ‘पोरकट’ म्हणालात, पण आमच्या घरात पोरगा खेळतो तो खेळ जास्त नोकरीसारखा आहे.

चोरीचा मुद्दा. इथे मी आडवळण घेणार नाही. मागच्या लेखात मी यावरून पटकन पुढे सरकलो, ते चुकलंच. जुन्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर बेकायदा नसतो. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकी न्यायालयानं २००० साली तसा निकाल दिलेला आहे. पण खेळ ही वेगळी गोष्ट. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, ज्याच्याकडे प्रोग्रामची रीतसर प्रत आहे त्याला जपणुकीसाठी आणखी प्रत काढायची मुभा आहे. ज्याच्याकडे प्रतच नाही त्यानं इंटरनेटवरून उतरवून घ्यायची मुभा नाही. खेळ तीस वर्षं जुना आहे म्हणून कुणाचा हक्क संपत नाही.

याला दुसरी बाजू आहे, ती सांगतो, पळवाट म्हणून नव्हे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असं निघालं, की २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकतच मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोनं थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. पैसे घेऊन दारात उभं राहावं तर दारच नाही. तरीही ‘विकत मिळत नाही’ आणि ‘उचलून न्यायला हरकत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे मला कळतं.

माझ्या मेमरी कार्डावर आज सहा खेळ आहेत. त्यातल्या तिघांची मूळ कार्ट्रिज (म्हणजे आपल्या भाषेत कॅसेट) मी जुन्या बाजारातून घेतली आणि यूएसबीला जोडायच्या एका छोट्या वाचक-यंत्रातून स्वतः उतरवली. (चौथं घेतलं ते बनावट निघालं. स्टिकर खऱ्याहून चकचकीत, आणि दोन दिवसांनी सेव्ह गायब.) एक ‘टोबू टोबू गर्ल’, हा २०१७ साली हौशी लोकांनी गेमबॉयसाठी नव्यानं केलेला खेळ आहे, फुकट आणि खुला. असे नवे खेळ आजही निघतात, कुणालाही करता येतील अशी ‘जीबी स्टुडिओ’सारखी साधनं आहेत. एक मित्रानं स्वतः केलेला, ज्यात पात्र बिबवेवाडीत रिक्षा शोधतं आणि ती कधीच मिळत नाही. आणि सहावा? सहावा तुम्ही म्हणता तसाच आहे. त्याचं कार्ट्रिज शोधतोय. सापडेपर्यंत तुमचा आरोप मान्य.

यंत्रासोबत जे कार्ड येतं त्यात मात्र आधीच दहा हजार खेळ भरलेले असतात. ते सगळे मी पहिल्या आठवड्यातच पुसून टाकले. कायद्याचा कळवळा वगैरे म्हणू नका, तेव्हा तसं काही डोक्यात नव्हतं. रोज रात्री यादी खाली-वर करायची, पाच खेळ दोन-दोन मिनिटं उघडायचे आणि झोपायचं, असं चाललं होतं. जत्रेतला ९९९९ इन १ परत भेटला, फक्त या वेळी खेळ खरोखरच वेगळे होते आणि तेच जास्त वाईट.

आता सेव्हचं. एम्युलेटरमध्ये खेळ कुठल्याही क्षणी गोठवता येतो आणि तिथूनच परत सुरू करता येतो. तुम्ही याला फसवणूक म्हणता. मी दोन प्रकार मानतो. बस तळेगाव चौकात पोहोचली, उतरायचं आहे, म्हणून गोठवणं ही पुस्तकात घातलेली खूण झाली. मूळ ‘सुपर मारिओ लँड’मध्ये सेव्ह नव्हतंच, यंत्र बंद केलं की सगळं गेलं. ज्या पोराला आईनं हाक मारली त्यानं पुन्हा पहिल्यापासून खेळायचं. ती शिक्षा मी चव्वेचाळिसाव्या वर्षी घेणार नाही. पण प्रत्येक उडीआधी गोठवायचं, पडलो की मागे यायचं, हा दुसरा प्रकार. शेवटची लेव्हल विमानातून गोळ्या झाडायची आहे, ती मी असं अकरा वेळा मागे येत येत पार केली आणि लेखात ‘जिंकलो’ लिहिलं. ते वाक्य आज बदललंय. आता तिथे ‘शेवट पाहिला’ असं आहे. रिवाइंडचं बटण मी सेटिंगमध्ये जाऊन बंदच केलं, समोर असलं की बोट जातं.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती ती मीच सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढच्या वेळी मुद्दा तयार मिळेल. या वयात हे यंत्र शरीराला परवडतंच असं नाही. अर्ध्या तासानंतर उजवा अंगठा मुळाशी दुखतो. चाळिशी लावल्याशिवाय अक्षरं वाचता येत नाहीत, आणि चाळिशी लावून चालत्या बसमध्ये पडद्याकडे पाहिलं की मळमळतं. म्हणून मी फक्त बस थांबलेली असताना खेळतो. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत त्याला वाव भरपूर.

शेवटी तुमचा ताजा कलम. एवढं सगळं सुनावून खाली विचारलंत, ‘भाच्यासाठी घ्यायचा तर कुठला घ्यावा?’ भाच्यासाठी, बरं.

गेमबॉय ॲडव्हान्सचे खेळ जास्त खेळणार असाल तर ७२० बाय ४८० ठिपक्यांचा पडदा बघा. मूळ पडदा २४० बाय १६० चा, म्हणजे बरोबर तिप्पट बसतो आणि चित्र धूसर होत नाही. सोबत आलेल्या कार्डावर भरवसा ठेवू नका. माझं तीन आठवड्यांत गेलं आणि अठ्ठावीस तासांचा खेळ घेऊन गेलं. चांगलं कार्ड वेगळं घ्या. सुरुवात टेट्रिसनं करा. आणि हो, चार्जिंगचं भोक टाइप-सी असलं तरी यातली बरीच स्वस्त यंत्रं दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरनं चार्जच होत नाहीत. माझं बंद पडलं समजून मी दोन दिवस दुकानदाराशी भांडत होतो. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली वायर लागते. घरात असेल एखादी तर टाकून देऊ नका.