मरमूमच्या उंटशर्यतीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एक दिवस जाऊ दिला आणि आता सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दुबईजवळच्या अल मरमूमच्या शर्यतीचं मी नुसतं कौतुक केलं, ज्या लहान पोरांना उंटावर बसवून पळवायचे त्यांच्याबद्दल एक शब्द नाही, आणि आता त्या पोरांच्या जागी रोबोट बसवल्यावर परंपरा कसली, सगळा शेखांच्या पैशाचा खेळ.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. तो उल्लेख हवाच होता, माझी चूक झाली. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया इथल्या गरीब घरांतून चार-पाच वर्षांची पोरं आणायचे, वजन वाढू नये म्हणून अर्धपोटी ठेवायचे, पडून हाडं मोडायची, काही पोरं जिवानिशी गेली. 2002 ला बंदी जाहीर झाली तरी मुलं दिसतच राहिली, मग 2005 मध्ये 18 वर्षांखालच्यांना मनाई करणारा कायदा आला, युनिसेफबरोबर करार झाला आणि हजारावर मुलं मायदेशी परत गेली. त्यातल्या काहींना आईबापही नीट आठवत नव्हते, म्हणजे परत पाठवलं आणि विषय संपला असंही नाही.

पण रोबोटचं मला पटलं नाही. तुम्ही जवळून बघितला असता तर कदाचित वेगळं लिहिलं असतं. दोन-तीन किलोचा डबा, त्यावर मालकाच्या रंगाचा शर्ट आणि टोपी, बाजूला गरगर फिरणारा चाबूक, आत बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलसारखी मोटर आणि एक स्पीकर. उंट ट्रॅकवर आणि मालक बाजूच्या रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये, पंचवीस-तीस गाड्या एकदम धुरळा उडवत, जो तो वॉकीटॉकीवर घसा फोडून ओरडतोय आणि तो आवाज थेट जनावराच्या कानाजवळ निघतो, ज्या माणसाने पिल्लू असल्यापासून वाढवलं त्याचाच आवाज. मी कठड्याला टेकून उभा होतो, अंगावर काटा आला हो.

धावणाऱ्यांत माद्या जास्त असतात. आपल्याकडे सांडणीस्वार हा शब्द आहेच, वेगाने निरोप न्यायचा तर सांडणी हे मराठी माणसाला जुन्या काळापासून माहीत होतं. तिथे त्यांना तयार करणाऱ्याला मुदम्मिर म्हणतात, खजूर, मध, दूध, बार्ली कोणाला किती द्यायचं, पहाटे किती किलोमीटर चालवायचं, कोणती चार किमीला बरी आणि कोणती आठला, हे बापाकडून मुलाकडे आलेलं ज्ञान आहे. परंपरा मी याला म्हणतो. पाठीवर पोरगं होतं म्हणून ती परंपरा होती आणि डबा आला म्हणून संपली, हे मी कसं मान्य करू? 2020 मध्ये युनेस्कोने अमिरात आणि ओमानची उंटशर्यत वारसा यादीत घेतली ती रोबोट आल्यानंतरच.

पैसा आहे, नाकारत नाही. बक्षिसात गाड्या असतात, तलवारी असतात, रोख असते. पण जिंकलेल्या सांडणीच्या डोक्याला आणि मानेला केशर फासतात ना, तेव्हा तो म्हातारा मालक तिच्या गळ्यात हात टाकून रडत होता, आणि ते रडणं गाडी मिळाली म्हणून होतं असं मला तरी वाटलं नाही. तिथे प्रेक्षकांना तिकीटही नसतं, मी, दोन सुदानी कामगार आणि एक पाकिस्तानी ड्रायव्हर एकाच कठड्याला उभे होतो.

शेवटी तुम्ही विचारलंत की मग बैलगाडा शर्यतीचं काय. मी तिच्या विरोधात कधीच नव्हतो. 2014 ला सुप्रीम कोर्टाने थांबवली तेव्हा गावाकडच्या लोकांचे चेहरे मी पाहिलेत, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला त्याचा मला आनंदच झाला. पण बैलाला खिळा टोचला, शॉक दिला तर मी बोलणार, आणि रोबोटमधून उंटाला करंट द्यायचे प्रकार तिकडेही पकडले गेलेत, त्यावरही बोलणार. चाबूक तर मला त्या दिवशीही खटकला होता, काही मालक शेवटच्या पाचशे मीटरला चाबकाच्या रिमोटचं बटण सोडतच नव्हते.

मूळ लेखात मुलांबद्दलचा भाग आज घातलाय, अगदी सुरुवातीला, फोटोंच्याही आधी. चाबकाचंही लिहिलंय. वाचून अजून काही राहिलं असेल तर नक्की कळवा.