“कार्गो पँट असली की होल्स्टर कशाला?” या दाव्याला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत पिस्तूल बाळगायला आता परवाना लागत नाही, कुणीही ठेवू शकतं. छोटं पिस्तूल घ्या आणि कार्गो पँटच्या मांडीवरच्या खिशात टाका. होल्स्टरवर (पिस्तूल ठेवायच्या म्यानावर) पैसे घालवू नका, तो खिसा सैनिकांसाठीच बनलाय. आजकालची पिस्तुलं आपोआप सुटत नाहीत. बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि वेळ आली तर हात चटकन पोचतो.”

मी टेक्सासमध्ये राहतो, माझ्याकडे परवाना आहे, नेमबाजीच्या रेंजवर माझं जाणं-येणं आहे. पिस्तूल बाळगावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात मला पडायचं नाही. पण हा मेसेज वाचून आपल्यापैकी कुणी खरंच भरलेलं पिस्तूल खिशात टाकून मुलांना पार्कमध्ये घेऊन जाईल या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही.

“तो खिसा सैनिकांसाठीच बनलाय.” खिसा सैनिकांचा, हे खरं. ब्रिटिश सैन्याच्या 1938 च्या बॅटलड्रेसमध्ये मांडीवर मोठा खिसा आला, आणि 1942 मध्ये अमेरिकन पॅराट्रूपर्सच्या गणवेशात विल्यम यारबरो यांनी तसे मोठे खिसे दिले. पण त्यांत जायचं काय? शिधा, नकाशे, दारूगोळा, उडी मारल्यावर लागणारं बाकी सामान. पिस्तूल असायचं ते कमरेच्या पट्ट्याला, होल्स्टरमध्ये. शिवाय भरलेले खिसे धावताना मांडीवर आपटायचे म्हणून ते पायाला आवळून बांधायला बंद लावावे लागले. वजनदार वस्तू त्या खिशात स्थिर राहत नाही हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

“आजकालची पिस्तुलं आपोआप सुटत नाहीत.” मेसेजमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य हे, कारण ते अर्धं खरं आहे.

ग्लॉकचं उदाहरण घ्या. 1982 पासून ऑस्ट्रियन सैन्याने घेतलेलं, आता अमेरिकेत पोलिसांपासून सामान्य घरांपर्यंत सगळीकडे दिसणारं पिस्तूल. चाप ओढला गेल्याशिवाय गोळी सुटू नये अशी त्याची आतली रचना आहे. पिस्तूल खाली पडलं तरी बार उडू नये याची सोय आहे. पण त्याच्या बहुतेक मॉडेल्सना अंगठ्याने लावायचा वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. चापाच्या मधोमध एक पातळ जीभ असते. ती दाबली गेली आणि त्यासोबत चाप मागे सरकला की गोळी सुटते. त्याला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. हा जोर बोटाने लावला, किल्लीने लावला की जॅकेटच्या दोरीच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या गोळीने लावला, ते पिस्तुलाला कळत नाही.

आता मांडीवरचा खिसा डोळ्यांसमोर आणा. त्यात आपण काय काय टाकतो? गाडीची किल्ली, पेन, लिप बाम, मुलाची छोटी खेळण्यातली गाडी. कापड मऊ असतं, त्यामुळे बाहेरून काही दाबलं की तो दाब थेट आत पोचतो. होल्स्टरचं पहिलं काम पिस्तूल लपवणं नाहीच. चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकणं, म्हणजे तिथे काही शिरूच नये, हे त्याचं पहिलं काम. दुसरं, पिस्तूल एकाच दिशेने, एकाच जागी धरून ठेवणं. ही दोन्ही कामं खिसा करत नाही.

आणि पिस्तूल जागेवर नसलं की माणूस काय करतो? निसटतंय असं वाटलं की धरायला जातो. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा अमेरिकन फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस मॅनहॅटनच्या एका नाइटक्लबमध्ये .40 कॅलिबरचं ग्लॉक नुसतं कमरेत खोचून गेला होता. होल्स्टर नाही. पिस्तूल पँटच्या आतून पायावरून खाली घसरलं, तो सावरायला गेला, आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत घुसली. जीव वाचला. पण न्यूयॉर्कचा परवाना नव्हता, फ्लोरिडाचा होता त्याची मुदत संपलेली. पुढच्या वर्षी त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. 2018 च्या जूनमध्ये डेन्व्हरच्या एका बारमध्ये ड्युटीवर नसलेल्या एफबीआय एजंटने नाचताना उलटी कोलांटी मारली, पिस्तूल कमरेतून खाली पडलं. पडल्यावर काही झालं नाही. त्याने घाईघाईने उचललं तेव्हा गोळी सुटली आणि शेजारच्या माणसाच्या पायात गेली. चांगला प्रशिक्षक म्हणूनच पहिल्या दिवशी सांगतो: पिस्तूल हातातून सुटलं तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. तळाशी सैल असलेल्या खिशात, प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर आपटणाऱ्या पिस्तुलाला कापडावरून चाचपायचा, सरळ करायचा मोह दिवसभर होत राहतो. नेमकं तेच करायचं नसतं.

रिव्हॉल्वर घेतलं तर? 1 ऑक्टोबर 2024 ला मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधली गोळी लागली. घरात, बाहेरगावी निघायच्या गडबडीत. शस्त्र जुनं की नवं, चाप की घोडा (गोळीवर आपटणारा मागचा हातोडा), या तपशिलांत फरक पडतो. पण भरलेलं शस्त्र नीट जागी नसताना हाताळणं हा धोका सगळीकडे सारखाच आहे.

“मांडीला लागली तर लागली, जीव तर जात नाही” असंही एकाने मला ऐकवलं. हे चूक आहे. मांडीतून फीमोरल ही शरीरातली मोठी रोहिणी जाते. ती फुटली तर काही मिनिटांत माणूस रक्तस्रावाने जाऊ शकतो. 2007 मध्ये वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू शॉन टेलर याच्या फ्लोरिडातल्या घरात चोर शिरले, त्यांची गोळी त्याच्या मांडीत लागली, हीच रोहिणी फुटली. अवघ्या 24 वर्षांचा धडधाकट खेळाडू दुसऱ्या दिवशी गेला.

“हात चटकन पोचतो.” उभं राहा, हात सैल सोडा. बोटं मांडीच्या मध्यापर्यंत येतात. कार्गो खिशाचा तळ त्याच्याही खाली, गुडघ्याच्या जरा वर असतो. म्हणजे आधी वाकायचं, मग खिशावरचं फडकं उघडायचं (वेल्क्रो असेल तर कर्रर्र आवाज होतो, बटण असेल तर दोन हात लागतात), मग आत चाचपायचं. आमच्या प्रशिक्षकाने सरावाचं निळं नकली पिस्तूल एका विद्यार्थ्याच्या कार्गो खिशात ठेवून त्याला हॉलभर चालायला लावलं. परत आल्यावर फडकं उघडलं तर पिस्तूल आडवं झालेलं, मूठ तळाच्या कोपऱ्यात आणि नळीचं तोंड वर, त्याच्या पोटाकडे. हात आत गेला तेव्हा बोटांना मूठ लागलीच नाही, नळी लागली. तो बाहेर काढता काढता त्याचं बोट चापाच्या कड्यात शिरलं. वर्गात कुणी काही बोललं नाही.

एका बाबतीत मेसेजमध्ये तथ्य आहे: गाडीत बसल्यावर सीटबेल्टखाली अडकलेल्या कमरेपेक्षा मांडीवरचा खिसा हाताला जवळ असतो. पण तेव्हा पिस्तूल मांडीला समांतर आडवं असतं आणि त्याची नळी एक तर पुढे तुमच्या गुडघ्याकडे रोखलेली असते, नाही तर मागे तुमच्याच ओटीपोटाकडे.

त्याच खिशाच्या उंचीचा दुसरा अर्थ आईबापांनी तरी लक्षात घ्यावा. मांडीवरचा खिसा म्हणजे दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या हाताची उंची. मूल पायाला बिलगतं, खिशात हात घालतं, त्यात चॉकलेट शोधतं. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये एका तरुण आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागलं. ती पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती, चेन असलेल्या कप्प्याची. गोळी सुटली आणि ती आई जागीच गेली.

“बाहेरून दिसत नाही.” दिसतं. गोळ्या भरलेलं ग्लॉक 19 साधारण साडेआठशे ग्रॅम भरतं. एवढं वजन एका पायावर लोंबलं की खिसा खाली ओढला जातो आणि चालताना हलतो. कमरेचा घट्ट पट्टा वजन पेलतो, पँटचं कापड नाही. त्यातून मूठ फडक्याबाहेर डोकावली तर कायद्याचाही प्रश्न येतो. टेक्सासने 2021 मध्ये परवान्याची अट काढली, पण उघड दिसणारी हँडगन होल्स्टरमध्येच हवी ही अट ठेवली.

खिशात पिस्तूल ठेवायचंच असेल तर त्याची रीत आहे. पाव किलोच्या आसपासचं रुगर एलसीपी किंवा घोडा झाकलेलं लहान रिव्हॉल्वर, चाप पूर्ण झाकणारं पॉकेट होल्स्टर, पँटचा पुढचा खिसा, आणि त्या खिशात दुसरी एकही वस्तू नाही. पॉकेट होल्स्टर वीस-तीस डॉलरमध्ये मिळतं. मेसेज वाचवायला सांगतोय ते एवढेच पैसे.

आता पोलीस. मेसेजमध्ये यावर अक्षर नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांनी याचा विचार सगळ्यात आधी करायला हवा. 6 जुलै 2016 ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाची गाडी पोलिसाने थांबवली. कॅस्टिलकडे परवाना होता. त्याने विचारण्याआधीच, नम्रपणे सांगितलं की माझ्याकडे शस्त्र आहे. पिस्तूल त्याच्या शॉर्ट्सच्या खिशात होतं. पोलिसाने लायसन्स मागितलेलं, त्याचा हात हलला, आणि काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. कॅस्टिलचं काहीही चुकलेलं नव्हतं, हे मी ठासून सांगतो. पण पाकीट आणि पिस्तूल दोन्ही पँटच्या खिशांत असतील, तर पाकिटाकडे जाणारा हात घाबरलेल्या पोलिसाला पिस्तुलाकडे जाताना दिसतो. पोलिसाने थांबवलं तर हात स्टिअरिंगवर, आणि काय कुठे आहे ते तोंडाने सांगा. त्याने परवानगी दिल्याशिवाय हात खाली नेऊ नका.

राहिलं “कुणीही ठेवू शकतं.” हा दावा खोटा आहे, आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महाग पडू शकेल असा आहे. राज्याने परवान्याची अट काढली म्हणजे केंद्राचा कायदा रद्द झाला असं नाही. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत, आणि या व्हिसांवर आलेल्यांना केंद्राच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत. त्यांतला नेहमीचा म्हणजे राज्याचा वैध शिकारीचा परवाना. 2022 पासून या गुन्ह्याला जास्तीत जास्त 15 वर्षांची कैद आहे. फ्लोरिडात शिकायला आलेल्या हमीद रेहाइफचं कॉलेज सुटलं, व्हिसाचा आधार गेला, आणि तो रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला. तेवढ्यावर खटला झाला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारला सिद्ध करावं लागेल. पण प्रकरण तिथवर पोचेपर्यंत त्याचं व्हायचं ते नुकसान झालंच होतं.

ग्रीनकार्डवाले आणि नागरिक यांनाही मोकळं रान नाही. शाळेच्या आवारापासून 1000 फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल घेऊन फिरायला केंद्राची बंदी आहे. त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असलेल्याला. विनापरवाना बाळगण्याची मुभा असलेल्या राज्यात परवाना न काढता, खिशात पिस्तूल घेऊन शाळेवरून चालत जाणारा माणूस राज्याच्या नजरेत निर्दोष आणि केंद्राच्या नजरेत गुन्हेगार ठरू शकतो. पोस्ट ऑफिसमध्ये तर परवाना असला तरी पिस्तूल नेता येत नाही. म्हणून टेक्सासमध्ये सक्ती नसली तरी परवाना काढा. त्यासाठीच्या वर्गात हे सगळं शिकवतात आणि नेमबाजीची परीक्षाही घेतात. आणि व्हिसावर असाल तर ऑफिसातल्या मित्राने शनिवारी रेंजवर बोलावलं तरी जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.