भाताचा हिशेब आणि उलटलेला जावई

एप्रिल २०२० च्या अखेरीस, ऐन लॉकडाऊनमध्ये, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात चार-पाच दिवस 'टोटल वॉर: शोगुन २' हा कॉम्प्युटर गेम फुकट मिळत होता. फुकट ते पौष्टिक, म्हणून घेऊन ठेवला आणि विसरून गेलो. गेल्या महिन्यात पाय मुरगळून घरी बसलो तेव्हा लायब्ररीत धूळ खात पडलेला दिसला. २०११ चा गेम, म्हणजे माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपणारा. पहिलं कॅम्पेन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एक डाव, अजून अर्धवट आहे, तरी लिहितोय, कारण पोटात राहत नाहीये.

आधी दोन ओळीत ओळख. जपान, साल १५४५. राजधानी क्योतोत आशिकागा घराण्याचा शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सर्वेसर्वा, नावापुरता बसलाय आणि देशभर दाइम्यो, म्हणजे आपापल्या मुलखाचे मालक, एकमेकांच्या उरावर. त्यातलं एक घराणं घ्यायचं, मुलूख वाढवायचा, शेवटी क्योतो हातात पाहिजे. छोटं कॅम्पेन १५७५ पर्यंत, मोठं १६०० पर्यंत. मी शिमाझू घेतले. क्यूशू बेटाच्या अगदी दक्षिणेला सात्सुमा, पाठीशी समुद्र, म्हणजे मागून कोणी येणार नाही असा माझा हिशेब.

मला वाटलं होतं तलवारी असतील. आहेत. पण पहिले दहा तास मी भाताचा हिशेब करत बसलो होतो.

पैसा 'कोकू'त मोजतात. मूळ कोकू हे धान्याचं माप, सुमारे १८० लिटर, म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाचं वर्षभराचं पोट. दाइम्योची ऐपतसुद्धा कोकूतच सांगत. आई चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघत उभी राहिली. "लढाईच्या खेळात भात कसला मोजतोयस?" मी समजावलं. "म्हणजे आपल्या खंडीसारखंच की. आजोबांकडे कोण किती खंडीचा धनी तेच बघून सोयरिकी व्हायच्या." आईचं माहेर कुडाळकडचं. तिला पाच मिनिटांत कळलं ते कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या.

कारण गोम अशी आहे की किल्ला वाढवला की तो भात खातो. बाजारपेठ वाढवली, तीही खाते. शिल्लक भात असेल तर मुलूख भरभराटतो, तुटवडा पडला की प्रजा बिथरते. मी हौसेने एकदम दोन किल्ले वाढवले. पुढच्या ऋतूत भात उणे. शेतं सुधारायला पैसा नाही, पैशासाठी सारा वाढवला, मग बंड. बंड मोडायला सैन्य, सैन्याला पुन्हा पैसा. एकही शत्रू न येता मी स्वतःच्या हाताने बुडत होतो. जुना सेव्ह लोड केला. लाज कसली त्यात.

एक टर्न, म्हणजे खेळातली एक पाळी, म्हणजे एक ऋतू, वर्षाला चार. हिवाळ्यात परमुलखात फौज राहिली तर माणसं आपोआप गळत जातात. आपल्याकडे पावसाळा संपला की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघायच्या, तसं इथे बर्फाचं गणित. ते विसरून मी एकदा शरदात हौसेने बाहेर पडलो आणि वसंतात अर्धी फौज घेऊन परत आलो.

लढाईचा एकच किस्सा सांगतो. शिमाझूंची खरी ख्याती 'त्सुरी-नोबुसे' या डावासाठी. मधली तुकडी पळ काढल्यासारखं करते, शत्रू मागे धावत येतो, आणि दोन्ही बाजूंना दबा धरून बसलेले त्याला कापतात. १५७२ मध्ये किझाकीबाराला शिमाझू योशिहिरोने जेमतेम तीनशे माणसांनिशी इतो घराण्याच्या तीनेक हजारांना असंच धुतलं होतं. गनिमी काव्यावर वाढलेल्या माणसाला असलं काही वाचून गप्प बसवतं का? दोन्ही रानांत कताना, म्हणजे तलवारवाले सामुराई लपवले, मध्ये स्वस्तातले भालेकरी आशिगारू, म्हणजे साधे पायदळ ठेवले. शत्रू आला. भालेकऱ्यांना मागे सरकायला सांगितलं. ते सरकले. मग जरा जास्तच सरकले. मग पांढरं निशाण फडकावत जे सुटले ते थेट नकाशाबाहेर. लटकी माघार खरीच झाली! वरून तो सल्लागार कानात ओरडतो, "शेमफुल डिस्प्ले!", म्हणजे लाजिरवाणा प्रकार! रानातल्यांनी कशीबशी अब्रू राखली. पण तो आवाज आता माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. परवा दूध उतू गेलं तेव्हाही ऐकू आला.

आता गोव्याची गंमत. खेळात 'नानबान', म्हणजे दक्षिणेकडच्या रानटी लोकांना बंदर दिलं की बंदुका मिळतात, पण मागोमाग ख्रिस्ती धर्मही शिरतो आणि बौद्ध प्रजेत कुरबुर सुरू होते. हे रानटी म्हणजे पोर्तुगीज. १५४३ मध्ये त्यांची बंदूक सात्सुमाच्या दक्षिणेला तानेगाशिमा बेटावर पोहोचली. आणि १५ ऑगस्ट १५४९ ला कागोशिमाला, म्हणजे मी निवडलेल्या शिमाझूंच्या दारात, जो पाद्री उतरला तो फ्रान्सिस झेवियर. निघाला होता गोव्यातून. सोबत अंजिरो नावाचा कागोशिमाचाच माणूस होता, आदल्या वर्षी गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला. तिथला दाइम्यो शिमाझू ताकाहिसाने आधी परवानगी दिली, वर्षभरात धर्मांतरावर बंदी घातली. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात जाऊन शवपेटीचे फोटो काढलेले आपण सगळेच, पण हा माणूस सात्सुमात काय करत होता याचा विचार मी कधी केला नव्हता. बंदर द्यावं की नाही हे ठरवताना मी चक्क अर्धा तास घालवला. दिलं शेवटी. बंदुकीचा मोह.

आणि आता भांडण. तुमचं नाव पुरेसं मोठं झालं की शोगुन तुम्हाला शत्रू जाहीर करतो. याला 'रेल्म डिव्हाइड' म्हणतात. तिथून दर टर्नला सगळ्या घराण्यांशी संबंध बिघडत जातात, आणि जुने मित्रही एकेक करून उलटतात. यावर लोक फार चिडतात. मला ती कल्पना मुळात पटते. ओदा नोबुनागा हा दाइम्यो डोईजड झाल्यावर शोगुन आशिकागा योशिआकीने दाइम्योंना पत्रं धाडून त्याच्याभोवती असाच फास आवळायचा प्रयत्न केला होता. १५७३ मध्ये नोबुनागाने त्यालाच क्योतोतून हाकललं. म्हणजे हे हवेतून आणलेलं नाही.

पण खेळात वारं एकाच दिशेने वाहतं, तिथे माझी हरकत आहे. खऱ्या जपानात माणसं जिंकणाऱ्याकडेही उलटायची. १६०० मध्ये सेकिगाहाराला कोबायाकावा हिदेआकी ऐन लढाईत फिरला, समोरच्या तोकुगावा इएयासूचं पारडं जड झालं, आणि हिदेआकीला ओकायामाची जहागीर मिळाली. वतनासाठी उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे सरदार आपल्याला काय नवीन आहेत? उलट टोकाला खुद्द इएयासू. १५६२ पासून नोबुनागा मरेपर्यंत, वीस वर्षं तो त्याच्या बाजूने राहिला, मधे १५७९ मध्ये स्वतःच्या थोरल्या मुलाला सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करायला लावायची पाळी आली तरी. शोगुन २ मध्ये असा हिदेआकी माझ्याकडे चालून येत नाही आणि असा इएयासू टिकत नाही. मोठं होणं हाच गुन्हा, आणि शिक्षा सगळ्यांना सारखी.

माझ्या बाबतीत उलटले ते शेजारच्या शिकोकू बेटाचे चोसोकाबे घराणेवाले. पंधरा वर्षांचा दोस्ताना, व्यापार सुरळीत, वर मुलगी दिलेली त्यांच्या घरात. गेल्या रविवारी रात्री त्यांचं आरमार माझ्या ह्यूगा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. माझी फौज उत्तरेला, किल्ल्यात आशिगारूंच्या दोन तुकड्या, भात शून्याच्या आसपास. मी सेव्ह करून लॅपटॉप मिटला.

सकाळी आईला सगळं सांगितलं. तिने चोसोकाबेंना मालवणीत एक ठेवणीतली शिवी हासडली. मग म्हणाली, "आणि मुलीचं काय झालं?"

तेव्हापासून मेन्यू धुंडाळतोय.