दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त धोक्याचा ठरू शकतो' या माझ्या वाक्यावर तुमचा आक्षेप आहे. कांजिण्या एकदा येऊन गेल्या की सहसा पुन्हा येत नाहीत, मग डेंग्यूचंच असं उलटं कसं, असं तुम्ही विचारलंय. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांना मी उगाच घाबरवतोय, असंही लिहिलंय. प्रश्न रास्त आहे, पण घाबरवण्याचा आरोप मला मान्य नाही.

डेंग्यूचा विषाणू एक नाही, त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेली की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं; उरलेल्या तिघांपासून मात्र काही महिनेच. नंतर डास वेगळा प्रकार घेऊन आला, तर जुनी प्रतिपिंडं (आधीच्या लागणीत शरीरानं तयार केलेल्या अँटीबॉडीज) त्याला ओळखतात, चिकटतातही, पण निकामी करू शकत नाहीत. प्रतिपिंडं चिकटलेलं काही दिसलं की ते गिळायचं, हे आपल्या भक्षक पेशींचं कामच. आणि डेंग्यूचा विषाणू वाढतो तो नेमका याच पेशींत! त्याला आत घेतो आपणच.

क्यूबात हे घडलेलं आहे. तिथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, ती बरीचशी सौम्य होती. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला आणि १५८ माणसं दगावली, त्यांत १०१ मुलं. पुढे १९९७ मध्ये सान्तियागो शहरात दुसरा प्रकार परतला. तेव्हा गंभीर आजारी पडली ती मोठी माणसं, जवळजवळ सगळी आधी डेंग्यू होऊन गेलेली. मधल्या काळात जन्मलेली मुलं त्यातून वाचली. वीस वर्षांनंतरही जुन्या लागणीची छाया राहते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्यांदा झाला की प्रत्येकाचं असंच होतं, असं अजिबात नाही. बहुतेक जण तेव्हाही घरीच बरे होतात, आणि क्वचित पहिली वेळही जड जाते. पण 'प्रतिकारशक्ती चांगली, म्हणून काळजी नको' हे डेंग्यूला लागू पडत नाही. यातला मोठा धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो, साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी. तोवर रक्तातला विषाणू कमी होत आलेला असतो. विषाणूचंच एक प्रथिन आणि आपल्या पेशींनी सोडलेली रसायनं यांमुळे केशवाहिन्या गळू लागतात, रक्तातला द्रव पोटात आणि छातीत झिरपतो. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतो, प्लेटलेट उतरतात. घरचे मात्र प्लेटलेटचाच आकडा विचारत बसतात, आणि ताप गेला म्हणून निर्धास्तही होतात. तुम्ही सुचवलेल्या पपईच्या पानांच्या रसाचंही तेच: आकडा वाढला तरी गळती थांबली, असं त्यातून कळत नाही. शिवाय धोक्याचे दिवस सरले की प्लेटलेट आपोआपच वाढतात.

तुमच्या मुलीला डेंग्यू होऊन गेलाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आवर्जून सांगतो. तिला पुन्हा तसा ताप आला, तर जुन्या डेंग्यूचं डॉक्टरांना आधी सांगा. पॅरासिटामॉल चालेल, पण ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका. आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस तिच्यावर लक्ष ठेवा: पोट सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, अंगात त्राण न उरणं. यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.