एमजीबीसाठी ‘कुठलंही मॅन्युअल’ चालत नाही

पुण्यातल्या जुन्या गाड्यावाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या दुरुस्तीच्या मॅन्युअलबद्दल एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतो. थोडक्यात असा: ‘एमजीबी अठरा वर्षं एकच गाडी होती, कुठलंही मॅन्युअल चालेल. घ्यायचंच तर कंपनीचं घ्या, बाकीची रद्दी. पीडीएफ फुकट आहे, व्हिडिओ आहेत. आणि मिस्त्री चांगला असेल तर पुस्तक लागतच नाही.’ नुकतीच गाडी घेतलेला माणूस हे मनावर घेतो आणि नुकसान त्याच्याच गाडीचं होतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अठरा वर्षं एकच गाडी.’ बाहेरून तसंच दिसतं. १९६२ पासून १९८० पर्यंत इंजिन १७९८ सीसीचंच राहिलं, पण १९६४ च्या अखेरीस क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगा तीनाच्या पाच झाल्या. १९६७ पर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता बसवणारी रचना) नव्हता, नंतर चारही गिअरना आला. रबरी बंपर आले तेव्हा गाडीची उंचीसुद्धा वाढली आणि सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जाऊन बारा व्होल्टची एक आली. सगळ्यात घातक फरक मात्र वायरिंगचा. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं असे. १९६७ च्या अखेरीला निगेटिव्ह अर्थ आला आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर. चुकीचं पान बघून बॅटरी उलटी जोडली, की अल्टरनेटरचे डायोड गेलेच म्हणून समजा.

तेव्हा पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचं साल बघण्याआधी गाडीच्या कंपनी-प्लेटवरचा चासी नंबर बघा. उघड्या गाडीला जीएचएन३, जीएचएन४ किंवा जीएचएन५, बंद छपराच्या जीटीला जीएचडी. बदल कोणत्या चासी नंबरपासून झाला हे जे पुस्तक सांगतं, ते घेण्यालायक. ‘१९६२ ते १९८०, सर्व मॉडेल्स’ असं छापलेलं पुस्तक वाईटच असतं असं नाही. पण नंतरचे बदल पुष्कळदा शेवटच्या पुरवणीत टाकलेले असतात, आणि मूळ प्रकरण वाचून काम सुरू करणाऱ्याला त्या पुरवणीचा पत्ताच नसतो. ती आधी वाचा.

‘कंपनीचं घ्या, बाकीची रद्दी.’ यात अर्धं खरं आहे. मापं, क्लिअरन्स (भागांमधली फट), टॉर्क (नट किती घट्ट करायचा ते), झिजेची मर्यादा यांसाठी कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलला तोड नाही. पण ते डीलरकडच्या तयार कारागिरांसाठी लिहिलेलं आहे. अमुक नंबरचं सर्व्हिस टूल वापरा असं ते सांगतं, आणि ते टूल कोथरूडच्या सोसायटीत गाडी खोलून बसलेल्या माणसाकडे नसतं. हेन्स या ब्रिटिश प्रकाशकाची मॅन्युअलं गाडी प्रत्यक्ष खोलून आणि परत जोडून लिहिली गेली. १९६६ साली आलेलं त्यांचं पहिलं मॅन्युअलच ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या स्पोर्ट्स कारचं होतं. त्यांनाही खोड आहे: ‘बसवताना हाच क्रम उलटा’ एवढ्यावर अवघड काम आटोपतात. माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही घ्या.

आणि ज्याचं मेसेजमध्ये नावच नाही तो पार्ट्स कॅटलॉगही घ्या. त्यातल्या सुट्या भागांच्या चित्रांत कोणता वॉशर कोणाच्या आधी बसतो ते कळतं. सुटा भाग नाना पेठेत मिळाला नाही आणि इंग्लंडहून मागवायची वेळ आली, तर पार्ट नंबर हाताशी असलेला माणूसच योग्य वस्तू मागवतो.

फुकट पीडीएफ वाचायला उपयोगी आहे, पण वायरिंगचं पान उघडून मोठं करून बघा. गाडीचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्युकस कंपनीच्या आकृतीत प्रत्येक तारेवर रंगाचं अक्षर असतं: बी म्हणजे काळा, एन म्हणजे तपकिरी, यू म्हणजे निळा. तपकिरी तार थेट बॅटरीची, काळी अर्थची. अस्पष्ट स्कॅनमध्ये ही अक्षरं एकमेकांसारखी दिसत असतील, तर तेवढी पानं तरी छापील घ्याच. व्हिडिओ हाताची लकब दाखवतो. पण त्यातली गाडी कोणत्या सालची, हे बहुतेकदा सांगतच नाही.

राहिला मिस्त्रीचा मुद्दा. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याला कारण आहे. अॅम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सिरीज घराण्यातलं. ज्याने आयुष्यभर अॅम्बॅसिडर खोलली, त्याचा हात इथे बिचकत नाही. पण ओळखीच्या इंजिनावर माणूस मापं आठवणीने धरतो, आणि इथे ती वेगळी असतात. एसयू जातीच्या दोन कार्ब्युरेटरचा मेळ घालणं हे अॅम्बॅसिडरने कधी शिकवलेलं नसतं. नट इंची आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना लावला की कोपरे झिजायला लागतात. मिस्त्रींना इंग्रजी परिच्छेद वाचायला लावू नका. आकृती आणि मापांचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. दोन मिनिटांत ते तुम्हाला त्यातलं समजावून सांगतील.

पुस्तक मागवण्याआधी इंजिन नंबरही उतरवून घ्या. इतक्या वर्षांत इंजिन बदललं गेलेलं असणं नवल नाही. नंबराच्या सुरुवातीला नुसतं १८जी किंवा १८जीए असेल तर तीन बेअरिंगचं इंजिन, १८जीबी किंवा त्यानंतरचं असेल तर पाचाचं. प्लेट आणि इंजिन वेगवेगळ्या काळातले निघाले, तर इंजिनाची प्रकरणं इंजिन नंबरप्रमाणे आणि बाकीची चासी नंबरप्रमाणे बघावी लागतील. अशा गाडीला दोन्ही काळ नीट वेगळे मांडणारंच पुस्तक लागतं.