खुर्चीवरचा कळस

मामेबहिणीकडे नवा डायनिंग सेट आलाय. 'गॉथिक आहे गं, मुद्दाम करून घेतला.' गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चांची शैली. पाठीला टोकदार कमान, दोन्ही बाजूंना एकेक कळस. जेवून उठताना माझा पदर एका कळसात अडकला आणि सोडवायला गेले तर कळसच हातात आला. नुसता चिकटवलेला!

मला प्यूजिन आठवला. लंडनच्या पार्लमेंटची अंतर्गत सजावट करणारा हा माणूस. १८२७ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने विंडसर राजवाड्यासाठी गॉथिक फर्निचर काढलं. पुढे १८४१ मध्ये त्यानेच लिहिलं, की अशा गॉथिक फर्निचरच्या खोलीत बराच वेळ बसून कुठेही न खरचटता बाहेर पडलात तर स्वतःला नशीबवान समजा. विंडसरला आपणही हेच प्रताप केलेत, अशी कबुलीही वर दिली.

टोकदार कमान ही मुळात नक्षी नव्हेच. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमान टोकदार केली की भार बाहेर कमी रेटतो, जास्त खाली उतरतो. उरलेला रेटा बाहेरचे टेकू घेतात. सगळा भार खांब, छताच्या फासळ्या आणि टेकूंवर गेला की मधली भिंत मोकळी, तिथे रंगीत काचा लावा. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये ११४४ साली हे दिसायला लागलं. आता सांगा, खुर्चीच्या पाठीवर कुठलं छप्पर पडणार आहे?

अर्थात ही हौस जुनीच. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतली राज्याभिषेकाची खुर्ची १३००च्या आसपासची, ओकची, आणि पाठ थेट चर्चच्या दर्शनी त्रिकोणासारखी. पण ती राजाची, मिरवायलाच केलेली. (त्याच खुर्चीवर पोरांनी नावं कोरलीत. एका पठ्ठ्याने तर १८०० साली आपण इथे झोपल्याचं कोरून ठेवलंय. आपण उगाच आपल्या किल्ल्यांवरच्या बदामांना नावं ठेवतो.)

माझ्या मते खरं गॉथिक फर्निचर कमानीत नाहीच, ते चौकटीत आहे. आधीच्या पेट्या म्हणजे जाड फळ्या आणि वरून लोखंडी पट्ट्या. फळी हवेप्रमाणे फुगणार, आकसणार. जखडून टाकली की तडकणार. पंधराव्या शतकात उत्तर युरोपात चौकट आणि पॅनेलची पद्धत रुळली. भार चौकटीवर, आणि पातळ पॅनेल तिच्या खाचेत सैल बसवलेलं, ना खिळा ना सरस. पावसाळ्यात फुगलं तरी त्याला हलायला जागा. खांब आणि काच, तोच विचार. सुतार चर्च बघून हे शिकले असं मी म्हणत नाही, पण कमान चिकटवणाऱ्यापेक्षा ते त्या गवंड्यांच्या जास्त जवळचे.

त्या पॅनेलवर कोरीवकाम कसलं, तर घडी घातलेल्या कापडाचं! रंध्याने उभ्या चुण्या काढायच्या आणि टोकाला पटाशीने कापडाची दुमड दाखवायची. लांबून खरंच कुणीतरी इस्त्रीचं उपरणं लावून ठेवलंय असं वाटतं. त्यात चर्चचं काही नाही. लाकडाच्या उभ्या रेषांना जे सहज जमतं, तेवढंच.

बहिणीला यातलं काही बोलले नाही. कळस तिच्या फ्रिजवर ठेवून आलेय, फेविक्विकची वाट बघत.